वॉल्व्ह रेडिओवर मोबाइलची गाणी: जुना सेट न मोडता ब्लूटूथ जोडण्याची रीत

घरात मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही किंवा नॅशनल एकोचा जुना लाकडी रेडिओ पडून आहे, वाजत नाही आणि टाकवतही नाही, अशा लोकांसाठी हे लिहितो आहे. त्यातून मोबाइलवरची गाणी ऐकता येतात, टीव्हीचा आवाज काढता येतो. काम अवघड नाही. पण पहिल्या तासाभरात जे निर्णय घ्याल त्यावर रेडिओ वाचणार की कायमचा जाणार हे ठरतं.

या कामाचे व्हिडिओ पाहिलेत तर बहुतेकांची सुरुवात एकसारखीच असते: आतलं सगळं उपसून काढा, पुढच्या फळीला भोक पाडा आणि बाजारातलं पॅनेल बसवा. मला हे पटत नाही. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. हे सेट लोकांनी पोस्टातून लायसन्स काढून, दरवर्षी पैसे भरून सांभाळले. आता नवे बनत नाहीत. म्हणून माझी एकच अट आहे: जे कराल ते उद्या कुणाला पूर्ववत करता आलं पाहिजे. पेटीला नवं भोक नाही, मूळ वायर कापायची नाही, आतली चॅसी (सगळे भाग बसवलेला लोखंडी सांगाडा) भंगारात नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही अट धरूनच लिहिल्या आहेत.

आणि हो, सेट घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांचा असेल तर उघडण्याआधी त्यांना विचारा. कुठलं बटण अडकायचं, शेवटचा कधी वाजला, कुणाकडून दुरुस्त करून घेतला होता, ही माहिती फार उपयोगी पडते.

## १. तुमचा सेट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

ही पायरी वगळू नका. यात जिवाचा प्रश्न आहे.

मागचा पुठ्ठा काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा. मग आत बघा. जुने सेट ढोबळमानाने चार प्रकारचे असतात.

ए.सी. सेट. चॅसीवर लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर दिसतो. वॉल्व्हचे (म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) नंबर बहुधा 'ई'ने सुरू होतात: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८०. नवशिक्यासाठी वॉल्व्हच्या सेटांमध्ये हा सगळ्यात बरा.

ए.सी./डी.सी. सेट. यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. वॉल्व्हचे नंबर 'यू'ने सुरू होतात: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. फिलिप्सच्या मॉडेल नंबराच्या शेवटी 'यू' असेल तर सेट याच जातीचा, 'ए' असेल तर ए.सी.चा, 'बी' असेल तर बॅटरीचा. ज्या काळी काही शहरांत घरोघरी डी.सी. वीज होती त्या काळाची ही सोय. पण यात वॉल्व्हचे फिलामेंट एकामागे एक जोडून थेट मेन्सवर दिलेले असतात आणि लोखंडी चॅसी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्ट येतात. नॉबचा बारीक स्क्रूसुद्धा शाफ्टमार्फत त्या चॅसीलाच टेकलेला असतो. जुन्या कारागिरांनी त्या स्क्रूच्या खाचेत मेण भरलेलं आढळतं, ते बोटाला शॉक बसू नये म्हणून. या सेटला बाहेरून मोबाइल, टीव्ही किंवा कुठलीही ऑडिओ वायर जोडायची नाही. या बाबतीत तडजोड करू नका.

बॅटरीचा वॉल्व्ह सेट. 'डी'ने सुरू होणारे वॉल्व्ह (डीके ९६, डीएएफ ९६, डीएल ९६). वीज नसलेल्या गावांत हे चालायचे. ९० व्होल्टची मोठी ड्राय बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही.

ट्रान्झिस्टर सेट. सहा किंवा नऊ व्होल्टवर, टॉर्चच्या सेलवर चालणारा. जिवाला धोका जवळपास नाही. हात बसवायला हा उत्तम.

ओळख पटली की मार्ग ठरतो. ए.सी. सेट असेल आणि वाजण्यासारखा असेल तर चौथी पायरी. ट्रान्झिस्टर असेल तर पाचवी. ए.सी./डी.सी. किंवा बॅटरीचा असेल, किंवा आतलं सामान गंजून, उंदरांनी कुरतडून संपलेलं असेल, तर सहावी.

अजून सेट घ्यायचाच असेल तर मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार या नेहमीच्या जागा. घेताना आवाजापेक्षा डायलची काच बघा. वॉल्व्ह मिळतात, स्पीकर मिळतो, पण त्या मॉडेलची छापील काच फुटली असेल तर ती पुन्हा मिळणं महाकठीण. नंतर नॉब मोजा. चारपैकी तीनच असतील तर चौथा जुळवताना नाकी नऊ येतात. मग पेटीच्या तळाला नखाने दाबून वाळवी आहे का ते पाहा.

## २. सामान गोळा करा

हत्यारं: डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर तार, डिसोल्डर पंप, पक्कड, कटर, चपटे आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर (घड्याळजी वापरतात तसे बारीकसुद्धा), हीट-श्रिंक स्लीव्ह, मास्किंग टेप, मार्कर. वॉल्व्ह सेटसाठी याशिवाय १० किलोओहम, ५ वॅटचा एक रजिस्टन्स आणि इन्सुलेशन असलेल्या दोन क्लिपा. त्या कशासाठी ते पुढे येईलच.

सिरीज दिवा: साध्या फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब होल्डरमध्ये लावून सॉकेटच्या फेज तारेत घ्यायचा. जुन्या मेकॅनिकांच्या टेबलावर हा बोर्ड असायचाच. एलईडी बल्ब इथे चालत नाही. वायरिंगची सवय नसेल तर हा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सुटे भाग मार्गानुसार बदलतात, ते त्या त्या ठिकाणी सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे हे सगळं मिळतं. लहान गावात असाल तर ऑनलाइन मागवा, फक्त मॉड्यूलवर छापलेला व्होल्टेज फोटोत नीट वाचून घ्या.

घरात शक्य असेल तर ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवलेल्या लाइनवरच हे काम करा.

## ३. उघडताना

प्लग काढलेला आहे ना? पुन्हा बघा.

वॉल्व्ह सेटमध्ये वीज काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट साठून राहू शकतात. १० किलोओहमच्या रजिस्टन्सला दोन्ही बाजूंनी क्लिप लावून एक टोक चॅसीला आणि दुसरं त्या मोठ्या, म्हणजे फिल्टर कंडेन्सरच्या अधिक टोकाला लावा, दहा सेकंद धरा, मग मल्टिमीटरने मोजा. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची पद्धत काही लोक दाखवतात, ती वापरू नका.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, नाकावर मास्क हवाच. उंदरांची लेंडी असते, आणि काही जुन्या सेटमध्ये तापणाऱ्या रजिस्टन्सजवळ राखाडी-पांढरा ॲस्बेस्टॉसचा पुठ्ठा लावलेला असतो. तो दिसला तर खरवडू नका, फुंकर मारू नका, आहे तसा राहू द्या.

नॉब ओढून निघत नसेल तर आधी बाजूचा बारीक स्क्रू शोधा. स्क्रू नसेल तर नॉबच्या मागे सुती नाडी फिरवून दोन्ही टोकं सरळ समोर ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलात तर पेटीच्या पॉलिशला खड्डा पडतो किंवा नॉब तडकतो.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः डायलच्या दोरीचा. ती कुठल्या पुलीवरून कशी फिरते हे नंतर आठवत नाही आणि तिच्याशिवाय काटा हलत नाही. आत चिकटवलेला कागद, सर्किटचा नकाशा, लायसन्सचं पुस्तक असं काही सापडलं तर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

## ४. ए.सी. सेट: मागच्या पी.यू. सॉकेटचा उपयोग करा

या मार्गावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे आणि लोकांना तोच सगळ्यात कमी माहीत असतो.

बऱ्याच वॉल्व्ह सेटच्या मागे एरियल आणि अर्थच्या सॉकेटशेजारी आणखी दोन भोकं असतात. त्यावर 'पी.यू.' लिहिलेलं असतं किंवा ग्रामोफोनचं चित्र असतं. तबकडीचा पिकअप जोडून रेडिओच्या ॲम्प्लिफायरवर रेकॉर्ड ऐकण्याची ती सोय. आपण तिथे पिकअपऐवजी ब्लूटूथ रिसीव्हर जोडायचा. रेडिओ रेडिओच राहतो, वॉल्व्हचा आवाज मिळतो आणि एकही वायर कापावी लागत नाही.

पण वर्षानुवर्षं बंद असलेला सेट एकदम प्लगला लावू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात आणि मेण लावलेले कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. त्यातला आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर सगळ्यात घातकी. तो गळका असला की वॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून:

- फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक बदला. व्होल्टेज ४५० किंवा मूळचा जो असेल त्याच्या वर, क्षमता मूळ आकड्याच्या जवळपास. जास्त मोठी लावली तर रेक्टिफायर (ए.सी.चं डी.सी. करणाऱ्या) वॉल्व्हवर ताण येतो. अधिक-वजा उलटं झालं तर कंडेन्सर फुटतो.
- कागदी कंडेन्सर पॉलिएस्टरचे टाका, ४०० किंवा ६३० व्होल्टचे.
- मेन्सची कापडी किंवा तडकलेली रबरी वायर बदला आणि फ्यूज घाला.

वॉल्व्हच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग जुन्या रेडिओ मेकॅनिककडून करून घ्या. अजूनही जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा माणूस असतो, आणि वॉल्व्हचा सेट समोर ठेवला की तो आनंदाने हातातलं दुसरं काम बाजूला सारतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज दिव्यातून करा. सुरुवातीला बल्ब उजळ लागतो आणि फिलामेंट तापले की मंदावतो. मंदावला तर ठीक. भगभगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आता जोडणी. मोबाइलचा किंवा ब्लूटूथ रिसीव्हरचा आवाज स्टिरिओ असतो, रेडिओ मोनो. डावी आणि उजवी तार सरळ एकत्र पिळली तर दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात. दोन्ही तारांत प्रत्येकी १ किलोओहमचा रजिस्टन्स घाला आणि रजिस्टन्सची पुढची टोकं एकत्र करून पी.यू.च्या एका सॉकेटला द्या. ग्राउंड दुसऱ्या सॉकेटला, म्हणजे जे चॅसीला जोडलेलं आहे त्याला. कोणतं ते मल्टिमीटरच्या बझरवर कळतं. शील्डेड (तारेभोवती धातूची जाळी असलेली) वायर वापरा, लांबी जितकी कमी तितकी बरी. रिसीव्हरला वेगळा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर द्या, रेडिओच्या आतून वीज काढू नका. बँड स्विच ग्रामोफोनच्या खुणेवर आणा, वॉल्व्ह तापेपर्यंत थांबा आणि मोबाइलवर गाणं लावा.

रेडिओ चालतो आहे तर मीडियम वेव्हही फिरवून बघा. पुणे केंद्राची जागा ७९२ किलोहर्ट्झ, नागपूरची ५८५, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८. डायलवर आकडे मीटरमध्ये असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा. ७९२ म्हणजे ३७९ मीटर. नुसती खरखर आली तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून पुन्हा ऐका. बऱ्याचदा खरखर त्यांचीच असते.

## ५. ट्रान्झिस्टर सेट

व्हॉल्यूम कंट्रोलच्या तीन पायांपैकी ज्या पायावर रेडिओचा आवाज येतो तिथे आपला आवाज द्यायचा. वरच्यासारखेच दोन रजिस्टन्स, आणि त्यांच्यापुढे एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. रेडिओ आणि ब्लूटूथ यांच्यात निवड करायला बारीक स्विच लागतो, तो मागच्या झाकणाच्या फटीत किंवा बॅटरीच्या खणात बसवा.

इथे एकच मोठी मेख आहे. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये (एसी १२८ वगैरे) पुष्कळदा बॅटरीचं अधिक टोक ग्राउंड असतं. आपल्या ब्लूटूथ मॉड्यूलचं वजा टोक ग्राउंड असतं. दोन्हींना एकाच बॅटरीवर चालवलं आणि ऑडिओची ग्राउंड वायर जोडली की सरळ शॉर्ट. म्हणून मॉड्यूलला नेहमी स्वतंत्र वीज द्या.

## ६. फक्त पेटी वापरायची असेल तर

आतलं यंत्र वाचण्यासारखं नसेल किंवा सेट ए.सी./डी.सी. जातीचा असेल तेव्हा हा मार्ग. चॅसी बहुधा तळाच्या चार बोल्टवर बसलेली असते. स्पीकरच्या दोन तारा सोल्डर काढून सोडवा, कापू नका. चॅसी अख्खी बाहेर काढा. डायलचा काटा, काच आणि दोरी चॅसीवर असेल तर तेवढा भाग पेटीत परत कसा बसेल ते बघा, कारण पुढून रेडिओ रेडिओसारखा दिसला पाहिजे.

लागणारे भाग:

- १२ व्होल्ट, २ अँपिअरचा बीआयएस मार्क असलेला ॲडॉप्टर. मेन्सचे २३० व्होल्ट पेटीच्या आत आणूच नका, काम निम्मं सोपं होतं.
- क्लास डी ॲम्प्लिफायर बोर्ड. टीपीए ३११० चिपचा ८ ते २६ व्होल्टवर चालतो, १२ व्होल्टला घरासाठी पुरेसा आहे. पीएएम ८४०३ चा छोटा बोर्ड ५ व्होल्टचा, ३ वॅटचा. टेबलावरच्या लहान सेटला तो ठीक.
- ब्लूटूथ मॉड्यूल.
- १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर (एलएम २५९६ चा मिळतो).
- बी ०५०५ एस हा ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर. तो कशाला ते दहाव्या पायरीत.
- ५० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, फ्यूज होल्डर, २ अँपिअरचा फ्यूज, डी.सी. सॉकेट.

ब्लूटूथ मॉड्यूलबद्दल थोडं थांबून सांगतो. दुकानदार पहिल्यांदा एफएम, यूएसबी, मेमरी कार्ड आणि रिमोट असलेलं काळं पॅनेल पुढे करतो. ते स्वस्त आहे, पण त्याला चौकोनी भोक पाडावं लागतं, निळा-लाल डिस्प्ले जुन्या पेटीवर विद्रूप दिसतो आणि दर वेळी चालू केलं की मोठ्या आवाजात इंग्रजी घोषणा होते. साधं, आवाज न करणारं मॉड्यूल मागा. एफएम हवंच असेल तर पॅनेल मागच्या बाजूला बसवा आणि ७५ सेंटीमीटरची एरियल वायर पेटीच्या आत उभी सोडा. जुन्या सेटवर एफएम नव्हतंच, त्यामुळे ही भर अनेकांना आवडते.

मागचा मूळ पुठ्ठा जपून ठेवा. त्याच्या मापाची ४ मिलीमीटर प्लायवूडची नवी फळी कापून घ्या आणि सॉकेट, पॅनेल, स्विच जे काही पाडायचं ते त्या फळीत पाडा.

स्पीकर. मूळ स्पीकर तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. स्पीकरला दोनऐवजी चार-पाच तारा असतील आणि मागे चुंबकाऐवजी मोठी कॉइल असेल तर तो फील्ड कॉइलचा आहे. त्याला चालायला उच्च व्होल्टेज लागतं, तो चॅसीसोबत ठेवून द्या. साधा असेल तर मल्टिमीटरने ओहम मोजा. जुने स्पीकर बहुधा ३ ते ५ ओहमचे आणि ३ ते ५ वॅटचेच असतात. कागद फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा. मूळ स्पीकर वापरणार असाल तर पीएएम ८४०३ ला चार ओहमपेक्षा कमीचा जोडू नका, आणि टीपीए ३११० चा आवाज पूर्ण उघडू नका, तो स्पीकर फाडेल. मोठ्याने ऐकायचं असेल तर ६ इंची, ८ ओहमचा नवा फुल रेंज स्पीकर घ्या आणि जुन्या भोकाला जुळणारी प्लायवूडची कडी करून मूळ स्क्रूंवरच कसा.

एका पेटीत दोन स्पीकर घालून स्टिरिओ करायचा मोह होईल. दोन स्पीकरमध्ये वीतभर अंतर असताना स्टिरिओचा काही फरक कळत नाही. एक चांगला स्पीकर घ्या. जुनी मराठी-हिंदी गाणी मुळात मोनोच ध्वनिमुद्रित झालेली आहेत, ती अशीच छान लागतात.

## ७. जोडणीचा क्रम

ॲडॉप्टरच्या सॉकेटपासून फ्यूज, तिथून स्विच, स्विचपासून दोन फाटे. एक ॲम्प्लिफायरला. दुसरा १२ ते ५ च्या कन्व्हर्टरला, तिथून आयसोलेटेड कन्व्हर्टरला आणि तिथून ब्लूटूथला. ब्लूटूथचा आवाज दोन रजिस्टन्समधून एकत्र होऊन व्हॉल्यूम कंट्रोलला, त्याच्या मधल्या पायापासून ॲम्प्लिफायरच्या इनपुटला.

इथे चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

एलएम २५९६ च्या बोर्डवर व्होल्टेज फिरवायचा बारीक स्क्रू असतो आणि तो कारखान्यातून कुठल्याही आकड्यावर येतो. मॉड्यूल जोडण्याआधी मीटरवर बरोबर ५ व्होल्ट करून घ्या.

क्लास डी बोर्डमध्ये स्पीकरचं वजा टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. ते चॅसीला, दुसऱ्या चॅनेलच्या वजाला किंवा ऑडिओच्या ग्राउंडला लावलं की चिप जाते.

व्हॉल्यूम कंट्रोल घेताना 'ए ५० के' मागा, 'बी ५० के' नको. 'ए' म्हणजे लॉग, 'बी' म्हणजे लिनिअर. लिनिअरमध्ये थोडंसं फिरवलं की एकदम मोठा आवाज होतो आणि पुढे फिरवून काही बदलत नाही. दुकानात न सांगता मागितलं तर बहुतेक वेळा 'बी' हातात पडतो. रेडिओतला जुना कंट्रोल ५०० किलोओहम किंवा एक मेगाओहमचा असतो, तो इथे नीट चालत नाही.

नव्या कंट्रोलचा शाफ्ट ६ मिलीमीटरचा, बऱ्याच जुन्या नॉबचं भोक पाव इंचाचं, म्हणजे किंचित मोठं. पातळ पितळी पत्र्याची पट्टी गुंडाळली की नॉब घट्ट बसतो. गोंद लावू नका.

ब्लूटूथ मॉड्यूल लोखंडी भागापासून लांब, पेटीच्या वरच्या लाकडाला दुतर्फा टेपने चिकटवा. काही पेट्यांना आतून एरियल म्हणून धातूचा कागद लावलेला असतो, त्याच्या मागे ठेवलं तर शेजारच्या खोलीतूनही मोबाइल जोडला जात नाही.

बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर पहिल्या सेटला तो करू नका. लिथियम सेलचं चार्जिंग हा वेगळा अभ्यास आहे. पॉवर बँकही फसवते, कारण करंट कमी लागला की ती आपोआप बंद होते.

## ८. डायलचा दिवा

काचेवरची शहरांची नावं मागच्या बाजूने छापलेली असतात. त्या बाजूला पाणी, स्पिरिट, कोलिन, काहीही लावू नका. अक्षरं पुसली जातात आणि परत येत नाहीत. फक्त समोरची, छपाई नसलेली बाजू ओलसर कापडाने पुसा.

मूळ बल्ब ६.३ व्होल्टचे. सहाव्या मार्गाच्या सेटमध्ये त्यांच्या जागी १२ व्होल्टच्या वॉर्म व्हाइट एलईडी पट्टीचा तुकडा लावा, तीन-तीन एलईडींनंतर कापायची खूण असते. थंड पांढरा प्रकाश घेऊ नका, डायल दवाखान्यासारखा दिसतो. पट्टी फार झगझगीत वाटते, म्हणून १०० ते ४७० ओहमच्या दरम्यानचे रजिस्टन्स लावून बघा आणि पुढे बटर पेपर धरा. मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारी चमकती नळी) असेल तर ती अडीचशे व्होल्टवर चालते. सहाव्या मार्गाच्या सेटमध्ये ती पेटवायच्या भानगडीत पडू नका, जागच्या जागी नुसती राहू द्या.

## ९. लाकूड

पॉलिश पेपरने घासायला लगेच सुरुवात करू नका. वरचा थर हा बऱ्याचदा कागदासारखा पातळ व्हिनिअर असतो. तळाशी, दिसणार नाही अशा ठिकाणी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर पॉलिश चपड्याचं आहे. मग स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून मऊ कापडाच्या पुरचुंडीने पातळ हात द्या, एक वाळला की दुसरा. स्पिरिटने काही झालं नाही तर ते लॅकर आहे, नुसतं पुसून मेणाचं पॉलिश लावा. वाळवीची शंका असेल तर पेटी घरात आणण्याआधी औषध मारा. स्पीकरवरचं कापड धुऊ नका, आटतं. ब्रशने झटका.

## १०. आवाजाच्या तक्रारी

*बारीक 'चीं' किंवा 'टिक टिक' येते.* ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर एकाच पुरवठ्यावर आहेत आणि ग्राउंडचा फेरा तयार झाला आहे. आयसोलेटेड कन्व्हर्टर त्यासाठीच आहे. तो एक वॅटचा म्हणजे २०० मिलिअँपिअरचा असतो, नुसत्या ब्लूटूथला पुरतो, पेन ड्राइव्हच्या पॅनेलला पुरत नाही.

*वॉल्व्ह सेटमध्ये सतत 'हम्म'.* फिल्टर कंडेन्सर किंवा पी.यू.ची वायर शील्डेड नाही.

*नॉब हलवला की आवाज जातो-येतो.* ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरने तार नीट पकडलेली नाही. सांधा पुन्हा गरम करून नवं सोल्डर द्या.

*पेटी थरथरते.* डायलची काच किंवा सैल स्क्रू. काचेच्या कडेला नमद्याची पट्टी लावा.

*टीव्हीवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.* ब्लूटूथला तेवढा उशीर लागतोच. टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून वायरने जोडा, म्हणून मागच्या फळीत ऑक्स सॉकेटची (वायरने आवाज आत घ्यायच्या सॉकेटची) जागा आधीच ठेवा. ए.सी./डी.सी. चॅसी पेटीत असताना मात्र हे करायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

## ११. काढलेल्या भागांचं काय

वॉल्व्ह वर्तमानपत्रात एकेक गुंडाळा, कोणता कुठल्या सॉकेटमधला ते टेपवर लिहा. अल्कोहोलने काचेवरचा नंबर पुसला जातो, म्हणून वॉल्व्ह फक्त कोरड्या कापडाने पुसा. चॅसी, मूळ पुठ्ठा, फील्ड कॉइलचा स्पीकर, सगळे स्क्रू एका खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या जागी ठेवा. तुम्हाला जागा नसेल तर मेकॅनिकला द्या, दुसऱ्या कुणाचा सेट त्यातून उभा राहील. खरोखर निकामी झालेले कंडेन्सर, तुटलेले बोर्ड आणि वायरी ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

एका कागदावर मॉडेल नंबर, काय काढलं, काय घातलं, कोणती वायर कुठे जाते, ॲडॉप्टर किती व्होल्टचा आणि तारीख लिहा. तो पेटीच्या आत, तळाला चिकटवा. पुढे ॲडॉप्टर हरवला आणि कुणी १९ व्होल्टचा लॅपटॉपचा चार्जर लावायला गेलं, तर त्याला हा कागद आधी दिसला पाहिजे.